ऑप्टिकल लॅनमध्ये कोणाचा डेटा आधी? अपलिंकच्या वाटपाचं सविस्तर मार्गदर्शन

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या रुग्णालयात नवं फायबर नेटवर्क बसलं की सुरुवातीला सगळे खूश असतात. मग तक्रारी सुरू होतात आणि त्या जवळजवळ ठरलेल्याच असतात. सुरक्षारक्षक सांगतो, "भाऊ, संध्याकाळी कॅमेरा अडकून राहिला." रिसेप्शनवरच्या ताई म्हणतात, "समोरच्याचं बोलणं मला नीट ऐकू येतं, पण माझं त्याला तुटक जातं." रेडिऑलॉजीच्या डॉक्टरांना सीटीच्या प्रतिमा सर्व्हरवर पोचायला एवढा वेळ का लागतो, ते कळत नाही. मग कोणीतरी स्पीड टेस्ट लावतो, डाउनलोडचा आकडा झकास येतो आणि तक्रार तिथेच मिटवली जाते.

तक्रारी तीन असल्या तरी डेटा एकाच दिशेनं चाललाय : खोलीतून सर्व्हर रूमकडे, म्हणजे अपलिंकवर. घरच्या फायबरवर माणसं मुख्यतः डाउनलोड करतात, म्हणून जीपॉन (एका फायबरवरून अनेकांना जोडणी देणारं तंत्र) त्याच बेतानं आखलं गेलं. खाली येणाऱ्या दिशेला २.४८८ जीबीपीएस आणि वर जाणाऱ्या दिशेला त्याच्या निम्मे, १.२४४ जीबीपीएस. रुग्णालय, वसतिगृह असलेलं कॉलेज, बुटीबोरी किंवा हिंगण्याचा कारखाना अशा ठिकाणी हे गणित उलटं होतं. कॅमेरे, स्कॅनर, प्रयोगशाळेची यंत्रं, रात्रीचा बॅकअप, सगळं वरच ढकलत असतं. म्हणून संस्थेच्या आतल्या ऑप्टिकल नेटवर्कमध्ये क्यूओएस (कोणाच्या डेटाला किती प्राधान्य, ते ठरवणं) म्हणजे मुख्यतः अपलिंकचं वाटप, असं माझं ठाम मत आहे. या लेखाचा बहुतेक भाग त्यालाच दिलाय.

उदाहरणासाठी सव्वाशे खाटांचं एक रुग्णालय धरू. सर्व्हर रूममध्ये एक ओएलटी (सगळं सांभाळणारं मुख्य उपकरण), त्याच्या एका पॉन पोर्टवर (जिथून फायबर निघतं ते तोंड) एकास बत्तीसचा स्प्लिटर (प्रकाश वाटणारा) आणि मजल्यामजल्यावर मिळून २८ ओएनटी (फायबरच्या टोकाच्या पेट्या, ज्यांना फोन, कॅमेरे, संगणक जोडतात).

अपलिंकवर वेळ कोण वाटतं

खाली येताना १४९० नॅनोमीटरचा प्रकाश स्प्लिटरमधून सगळ्या ओएनटींकडे जातो आणि जो तो आपल्या नावाचं तेवढं उचलतो. वर जाताना सगळ्यांचा १३१० नॅनोमीटरचा प्रकाश एकाच फायबरमध्ये उतरतो, म्हणून एका वेळी एकानंच बोलायचं. कोणी केव्हा आणि किती बोलायचं हे ओएलटी ठरवतं. जीपॉनची फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची असते आणि अपलिंकच्या एका फ्रेममध्ये १९,४४० बाइट मावतात. क्यूओएसची सगळी धडपड या १९,४४० बाइटांच्या वाटपासाठी आहे.

वाटपाच्या या कामाला डीबीए म्हणतात. ओएनटी आपल्या रांगेत किती माल साठलाय ते कळवतं, ओएलटी त्यावरून पुढची परवानगी देतं. काही यंत्रणा अहवाल न मागता, दिलेल्या वेळेपैकी किती रिकामी गेली यावरून अंदाज बांधतात. ओएनटी अहवाल देणारं असेल तर अहवालाचीच पद्धत निवडा. ओएलटी एका कंपनीचं आणि ओएनटी दुसऱ्या कंपनीचं असेल, तर अहवाल खरोखर पोचतोय का हे आधी ओएलटीवर तपासा. दोन्हींवर एकच मानक छापलेलं असतं म्हणून हा भाग आपोआप जुळेलच असं नाही.

परवानगी टी-कॉन्टला मिळते. टी-कॉन्ट म्हणजे ओएनटीमधलं अपलिंकचं खातं. त्याचे पाच प्रकार आहेत. पहिल्यात ठरावीक बँडविड्थ कायम राखून ठेवलेली असते, मग ती वापरा अथवा नका वापरू. दुसऱ्यात हमी असते, पण मागणी नसेल तेव्हा ती दुसऱ्याला जाते. तिसऱ्यात हमी आणि वर शिल्लक असेल तर जास्तीचा वाटा. चौथ्यात हमी अजिबात नाही, उरलेलं काय ते. पाचवा या सगळ्यांचं मिश्रण. ओएलटी वाटतानाही हाच क्रम पाळतं : आधी कायमचं, मग हमीचं, मग जास्तीचं, शेवटी उरलेलं.

ही विचारसरणी नवी नाही. ऐंशीच्या दशकात आलेल्या एफडीडीआय या १०० एमबीपीएसच्या फायबर रिंगमध्येही वेळेचं बंधन असलेल्या डेटासाठी टोकनच्या (बोलण्याची पाळी देणाऱ्या संदेशाच्या) प्रत्येक फेरीत वाटा राखलेला असे, आणि टोकन ठरलेल्या फेरीवेळेच्या दुपटीपेक्षा उशिरा येणार नाही अशी खात्री होती. आधी हमी, उरलेलं बाकीच्यांना, हे सूत्र तेव्हापासून चालत आलंय.

पहिली पायरी : प्रकाश मोजा

क्यूओएसला हात लावण्याआधी प्रत्येक ओएनटीवर पोचणारा प्रकाश आणि त्या ओएनटीकडून ओएलटीवर पोचणारा प्रकाश, दोन्ही लिहून काढा. बी-प्लस वर्गाच्या ऑप्टिक्समध्ये ओएनटीला −८ ते −२७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) चालतं. ओएलटीमधून +३ निघाला, एकास बत्तीसच्या स्प्लिटरनं साधारण १७ डीबी खाल्ले, कनेक्टर आणि जोडांनी दोनेक डीबी, तर −१६ च्या आसपास आकडा यायला हवा. इमारतीच्या आत अंतर काहीशे मीटरचं असतं, त्यामुळे फायबरची स्वतःची घट नगण्य. अशा जागी −२५ दिसलं तर ते मर्यादेत आहे म्हणून सोडून देऊ नका. कुठेतरी फायबर मुरडलंय किंवा हिरव्या कनेक्टरच्या टोकावर धूळ बसलीय.

नागपुरात याला उन्हाळा जोडून घ्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि फॉल्स सीलिंगच्या वर किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत तर त्याहून जास्त तापतं. घरगुती दर्जाच्या बऱ्याच ओएनटींवर ० ते ४० अंश अशी मर्यादा छापलेली असते. दुपारी एकच्या पुढे एकाच मजल्याचा आवाज तुटत असेल आणि रात्री सुरळीत होत असेल, तर डीबीएच्या आकड्यांशी खेळू नका. आधी त्या ओएनटीचं तापमान आणि चुकीच्या बिटांची मोजणी बघा. कूलरच्या ओल्या हवेच्या झोतात ठेवलेली पेटीही मला नको वाटते. तापमान उतरतं, पण ओलसर हवा आणि धूळ मिळून कनेक्टरची वाट लावतात.

एखादं बिघडलेलं ओएनटी आपली वेळ नसताना प्रकाश फेकू लागलं तर अख्खा पोर्ट डळमळतो. सगळ्याच मजल्यांवर एकाच वेळी गडबड सुरू झाली तर एकेक ओएनटी बंद करून बघा. हे क्यूओएसनं सुटत नाही.

दुसरी पायरी : कोण किती पाठवतं याची वही

आठवडाभर प्रत्येक ओएनटीचा अपलिंक नोंदवा, तोही पाच मिनिटांच्या सरासरीवर न थांबता. सरासरी फसवी असते. पाच मिनिटांत २० टक्के वापर दिसतो, पण त्यातल्या पंधरा सेकंदांत पोर्ट काठोकाठ भरलेला असू शकतो आणि तक्रार त्या पंधरा सेकंदांची असते. ओएलटी परवानगी देत असेल तर दर पाच-दहा सेकंदांनी आकडे घ्या.

सोबत कागदावरचा हिशेबही करा, कारण आलेख फक्त काल काय झालं ते सांगतात.

फोन : जी.७११ कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीत) आवाज ६४ केबीपीएस असतो. दर २० मिलिसेकंदांनी १६० बाइटांचा आवाज, त्यावर ४० बाइटांची शीर्षकं, त्यावर इथरनेट आणि व्हीएलएएनचा (एकाच तारेवर वेगळ्या ठेवलेल्या आभासी नेटवर्कचा) टॅग. एका बाजूचा एक कॉल साधारण ९० केबीपीएसला पडतो.

कॅमेरा : चार मेगापिक्सेलचा, एच.२६५ (व्हिडिओ लहान करण्याची पद्धत) वापरणारा कॅमेरा आपण ४ एमबीपीएसवर बांधला आहे असं धरू. हा आकडा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तुम्हीच ठरवता, म्हणून आधी तो ठरवा आणि सगळ्यांना एकच ठेवा. मोकळा सोडलेला कॅमेरा गर्दीच्या दृश्यात कितीही वर जातो.

सीटी : एक प्रतिमा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची, ठिपक्याला १६ बिट, म्हणजे ५,२४,२८८ बाइट. पाचशे प्रतिमांची तपासणी सुमारे २६२ मेगाबाइटची झाली. दहा सेकंदांत सर्व्हरवर हवी असेल तर २१० एमबीपीएस लागतात.

नोंदणी, बिलिंग, लॅबचे रिपोर्ट : आकारानं किरकोळ, पण इथे दिरंगाई महाग पडते. ओपीडीच्या नोंदणीचा एक पडदा उघडताना सॉफ्टवेअर डेटाबेसला एकामागोमाग दोनशे प्रश्न विचारत असेल आणि प्रत्येक फेरीला पॉनमुळे ३ मिलिसेकंद जात असतील, तर ०.६ सेकंद. तीच फेरी गर्दीत १० मिलिसेकंदांवर गेली तर २ सेकंद. सकाळी दहाला खिडकीसमोर रांग लागलेली असताना दर माणसामागे जवळजवळ दीड सेकंद जास्त म्हणजे काय, ते काउंटरवरच्या ताईंना विचारा.

पाहुण्यांचं वाय-फाय : संध्याकाळी भेटीच्या वेळेत नातेवाइकांचे फोन वाय-फायला जोडले जातात आणि आपोआप फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू होतो. कॅमेरा संध्याकाळीच का अडकतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

तिसरी पायरी : वर्ग चारच

इथरनेटच्या मानकात आठ अग्रक्रम आहेत आणि डीएससीपीत (आयपी पॅकेटवरच्या अग्रक्रमाच्या खुणेत) ६४ किमती आहेत म्हणून सगळ्या वापरायच्या नसतात. मी चार वर्गांच्या पुढे जात नाही : आवाज, नोंदणी आणि लॅब, कॅमेरा आणि रेडिऑलॉजी, आणि बाकी सगळं. ओएलटीचं स्वतःचं नियंत्रण वेगळ्या वाटेनं जातं, त्याला हात लावू नका.

ही यादी नेटवर्कवाल्यानं एकट्यानं बसून करू नये. प्रत्येक विभागाला आपलंच काम तातडीचं वाटतं आणि प्रत्येकाचं म्हणणं खरंही असतं. "मॅडम, सीटी दहा सेकंदांत हवी की वीस चालेल?" असा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. "तुमचं महत्त्वाचं आहे का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. रेडिऑलॉजीनं वीस सेकंद मान्य केले तर तुमच्या हिशेबातली शंभर एमबीपीएसची हमी मोकळी होते. ठरलेलं कागदावर घ्या आणि प्रशासनाची सही घ्या.

चौथी पायरी : खुणा आणि साखळी

वर्ग ठरले की पॅकेटवर खूण कुठे करायची ते ठरवा. माझं उत्तर : ओएनटीच्या पोर्टवर, व्हीएलएएननुसार. संगणकानं किंवा फोननं स्वतः लावलेल्या खुणेवर विश्वास ठेवू नका. आवाजाला व्हीएलएएन टॅगमध्ये ५ आणि डीएससीपी ४६, कॅमेरा आणि रेडिऑलॉजीला ४, नोंदणीला ३, बाकीच्यांना ०. इथे एक खाच आहे. इथरनेटच्या मानकात १ हा अग्रक्रम ० पेक्षाही खालचा, पार्श्वभूमीचा मानलाय, पण काही उपकरणं सरळ आकड्यांच्या क्रमानं १ ला ० च्या वर बसवतात. १ वापरणार असाल तर उपकरण त्याला कोणत्या रांगेत टाकतं ते बघून घ्या, नाहीतर तो टाळाच.

आता सगळ्यात जास्त चुका होणारी जागा. व्हीएलएएनचा अग्रक्रम कोणत्या जेम पोर्टला (ओएनटीतल्या डेटाच्या उपमार्गाला) जातो, तो जेम पोर्ट कोणत्या टी-कॉन्टला बांधलाय आणि त्या टी-कॉन्टला कोणती डीबीए प्रोफाइल लावलीय, ही चार कड्यांची साखळी आहे. मधली एक कडी सुटली तरी नेटवर्क चालूच राहतं. फोन लागतात, कॅमेरे दिसतात, फक्त सगळं चौथ्या प्रकारच्या टी-कॉन्टमधून बिनहमीचं वाहत असतं. गर्दी होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक प्रकारच्या ओएनटीसाठी ही साखळी टोकापासून टोकापर्यंत तपासा. फोनवरून एक कॉल लावा आणि ओएलटीवर नेमक्या त्याच टी-कॉन्टचा मोजणीचा आकडा वाढतोय का, ते डोळ्यांनी बघा. नुसती कॉन्फिगरेशन वाचून समाधान मानू नका.

पाचवी पायरी : आकडे भरणं

अपलिंकचे १२४४ एमबीपीएस सगळे वापरता येत नाहीत. चुका दुरुस्त करणारं कोडिंग चालू असेल तर २५५ बाइटांमागे १६ बाइट त्यात जातात. प्रत्येक ओएनटीच्या बोलण्याआधी सुरक्षित फट आणि सूचक बिट लागतात, वर जेमची शीर्षकं. हिशेबाला १००० धरा आणि उरलेलं विसरा.

आवाजाला पहिला प्रकार, कायमची बँडविड्थ. आता किती द्यायची? एका ओएनटीवर चार फोन म्हणजे ३६० केबीपीएस, मग ५१२ केबीपीएस पुरेल असं वाटतं. बेरजेला पुरतं, वेळेला नाही. ५१२ केबीपीएस म्हणजे दर फ्रेमला जेमतेम ८ बाइट. आवाजाचं एक पॅकेट शीर्षकांसकट २२७ बाइटांचं. ते वर जायला साडेतीन मिलिसेकंद लागतात आणि चारही फोनची पॅकेट एकदम आली तर शेवटच्याला १४ मिलिसेकंद थांबावं लागतं. कॉलसाठी आयटीयूनं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं) एका बाजूच्या एकूण दिरंगाईची १५० मिलिसेकंदांची जी मर्यादा सुचवली आहे, तिच्या मानानं हे थोडं आहे. पण यात चढउतार होत राहतो (यालाच जिटर म्हणतात) आणि फोनच्या जिटर बफरला तो सोसावा लागतो. तेच २०४८ केबीपीएस दिले की एक पॅकेट ०.९ मिलिसेकंदात निघतं. फोन असलेली २० ओएनटी धरली तर एकूण ४१ एमबीपीएस खर्ची पडतात. मला हा सौदा पटतो. मात्र फोन नसलेल्या ओएनटीला पहिला प्रकार देऊ नका, कारण ती जागा रिकामी राहिली तरी कोणालाच मिळत नाही.

नोंदणी आणि लॅबला दुसरा प्रकार, ओएनटीमागे ४ एमबीपीएसची हमी. डेटा थोडा आहे, पण हमी असली की ओएलटी त्या खात्याकडे नेमानं वळतं आणि लहान पॅकेट रांगेत शिळं होत नाही. अशी २४ ओएनटी, म्हणजे ९६.

कॅमेऱ्यांनाही दुसरा प्रकार. ४८ कॅमेरे, एका ओएनटीवर चार, म्हणजे १२ ओएनटी. चार कॅमेऱ्यांची सरासरी १६ एमबीपीएस. पण एच.२६५ मध्ये ठरावीक वेळानं पूर्ण चित्र जातं आणि तेव्हा उसळी येते. चारही कॅमेरे वीज आल्यावर एकदम चालू झाले असतील तर त्यांच्या उसळ्याही एकाच क्षणी येऊ शकतात. म्हणून दीडपट, २४ ची हमी. बारा ओएनटींचे २८८.

रेडिऑलॉजीला तिसरा प्रकार : १०० ची हमी, कमाल ६०० पर्यंत. पोर्ट गच्च असला तरी सीटी २१ सेकंदांत पोचेल, मोकळा असला तर साडेतीन सेकंदांत. अशी दोन ओएनटी, म्हणजे २०० ची हमी. कॅमेरा आणि रेडिऑलॉजीचा वर्ग एकच ठेवलाय, तरी टी-कॉन्ट वेगळे ठेवायचे.

बाकी सगळ्यांना चौथा प्रकार. पण कमाल मर्यादा घालाच. पाहुण्यांच्या वाय-फायच्या ओएनटीला कमाल ५० पुरे होतात, कारण पुढे इंटरनेटची जोडणीच तेवढी रुंद नसते.

बेरीज : ४१ अधिक ९६ अधिक २८८ अधिक २००, एकूण ६२५. कायमची आणि हमीची मिळून १००० पैकी साडेबासष्ट टक्के. ही बेरीज सत्तरच्या पुढे गेली की मी पुढे जात नाही. दोन पॉन पोर्टांत ओएनटी वाटून घेतो. काही ओएलटी हमीची बेरीज क्षमतेच्या वर गेली तर प्रोफाइल नाकारतात, काही मुकाट घेतात. जी मुकाट घेतात ती जास्त घातक.

सहावी पायरी : ओएनटीच्या आतली रांग

वरचा सगळा हिशेब प्रत्येक वर्गाला वेगळा टी-कॉन्ट मिळेल असं धरून आहे. स्वस्तातलं ओएनटी तेवढे टी-कॉन्ट पेलत नसेल, तर एकाच टी-कॉन्टमध्ये चार रांगा ठेवाव्या लागतात आणि कोणाला आधी सोडायचं ते ओएनटी ठरवतं. तिथे निव्वळ कडक अग्रक्रम लावला की एक अनपेक्षित गोष्ट घडते : गर्दी कमी असतानाच खालच्या वर्गाची दिरंगाई वाढते. ओएनटी "माझ्याकडे एवढे बाइट आहेत" असं कळवतं, परवानगी यायला काही मिलिसेकंद जातात, तेवढ्यात वरच्या वर्गाचं नवं पॅकेट येतं आणि खालच्यासाठी मागितलेली जागा तेच घेऊन जातं. पंगतीत तुमच्या नावानं मागितलेली पोळी शेजारच्याच्या पानात पडावी तसं. बिचारं खालचं पॅकेट पुढच्या फेरीपर्यंत थांबतं, आणि तिथेही हेच.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे अहवाल पाठवल्या क्षणी रांगेत जे होतं त्यालाच परवानगी वापरू द्यायची. ही दोन टप्प्यांच्या बफरची पद्धत उपकरणात असेल तर चालू करा. दुसरा, जास्त हाती असलेला उपाय : फक्त आवाजाला कडक अग्रक्रम ठेवा, त्याला दरमर्यादा घाला आणि बाकी तीन रांगांना वजनं द्या. नोंदणीला ५०, कॅमेऱ्याला ४०, बाकीला १० अशी सुरुवात चालते. दरमर्यादा न घालता कडक अग्रक्रम देणं मला पूर्णपणे चुकीचं वाटतं. एक बिघडलेला फोन किंवा चुकीच्या व्हीएलएएनमध्ये लावलेला संगणक सगळ्या मजल्याला उपाशी ठेवू शकतो.

रांगेची खोलीही बघा. बिनहमीच्या वर्गाला भलामोठा बफर दिला की पॅकेट गळत नाहीत, पण शंभर-दोनशे मिलिसेकंद साचून राहतात आणि वाय-फायवरचा व्हिडिओ कॉल रखडतो. तिथे थोडी गळती बरी. टीसीपी (डेटा पोचल्याची खात्री करत पाठवणारी पद्धत) त्यातून स्वतःला आवरतं.

ईपॉनवाल्यांसाठी एवढंच : २००४ च्या ८०२.३एएच मानकातली ही जात दोन्ही दिशांना १ जीबीपीएस देते आणि परवानगी-अहवालाचे संदेश इथरनेटच्याच फ्रेममध्ये जातात. तिथे टी-कॉन्ट नसतो. एका ओएनयूला (ईपॉनमधल्या ओएनटीला) बहुतेक वेळा एकच ओळख क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे ही सहावी पायरी त्यांच्यासाठी पाचवीपेक्षा जास्त महत्त्वाची.

सातवी पायरी : डाउनलिंक आणि गाभा

इथे फार काही नाही. ओएलटीला कोअर स्विचकडून १० जीबीपीएसची जोडणी आणि पॉन पोर्ट अडीचचा, म्हणजे अरुंद जागा ओएलटीच्या पॉन पोर्टवर. तिथे आवाजाला मर्यादित कडक अग्रक्रम, बाकीच्यांना वजनं. कोअर स्विच खुणा पुसत तर नाही ना एवढं बघा. इंटरनेटकडे जाणारा वेग फायरवॉलवर, जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा खाली बांधा, म्हणजे रांग तुमच्या ताब्यात राहील. तुमच्या खुणा सेवा पुरवठादाराच्या पलीकडे कोणी पाळेल ही अपेक्षा ठेवू नका.

रात्रीच्या बॅकअपला वर्ग देण्यापेक्षा वेळ द्या. रात्री दोन वाजता सुरू होणारा बॅकअप कोणाच्या आड येत नाही. फक्त एकाच ठोक्याला सगळे सुरू करू नका, वीस-वीस मिनिटांनी पुढे ढकला.

आठवी पायरी : गच्च भरून तपासा

रिकाम्या नेटवर्कवर प्रत्येक क्यूओएस पास होतं. म्हणून रविवारी रात्री, प्रशासनाला सांगून, खोटी गर्दी करा. चार-पाच वेगवेगळ्या ओएनटींवर लॅपटॉप लावा आणि आयपर्फसारख्या साधनानं बिनहमीच्या वर्गात यूडीपीचा (गर्दी बघून न थांबणाऱ्या डेटाचा) मारा वरच्या दिशेला सोडा. इतका की पोर्टची क्षमता ओलांडली जाईल. या लॅपटॉपांच्या ओएनटींवरची कमाल मर्यादा तेवढ्यापुरती उठवावी लागेल. काम झाल्यावर ती परत घालायला विसरू नका.

मारा चालू असताना दुसऱ्या मजल्यावरच्या आवाजाच्या व्हीएलएएनच्या पोर्टवरून, आवाजाच्या खुणेनं ९० केबीपीएसचा बारीक प्रवाह सोडा आणि गळती व जिटर मोजा. इथे एका आकड्यानं अनेकांची तपासणी वाया घालवली आहे. साधन टीओएसची (खूण असलेल्या पूर्ण बाइटची) किंमत मागत असेल तर ४६ टाकायचं नसतं. डीएससीपी त्या बाइटच्या वरच्या सहा बिटांत बसतं, म्हणून ४६ ला ४ नं गुणून १८४ टाकायचं. थेट ४६ टाकलं तर पॅकेटवर डीएससीपी ११ उमटतं, डीएससीपी बघून रांग ठरवणारं उपकरण त्याला ओळखत नाही, पॅकेट बिनहमीच्या रांगेत जातं आणि तुम्ही डीबीएला दोष देत बसता. शंका असली तर सर्व्हरच्या बाजूला पॅकेट पकडून खूण बघा.

आवाजात गळती शून्य आणि जिटर दोन-तीन मिलिसेकंदांच्या आत हवा. नसेल तर चौथ्या पायरीतल्या साखळीकडे परत जा. कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. मग कॅमेऱ्याचं चित्र दहा मिनिटं सलग बघा, एक खरी सीटी तपासणी सर्व्हरकडे पाठवा, नोंदणीचा पडदा उघडून घड्याळ लावा. मारा चालू असतानाच हे सगळं.

यानंतर उलटी तपासणी, जी बहुतेक जण करत नाहीत. आवाजाच्याच वर्गात ५० एमबीपीएसचा मारा करा. दरमर्यादा बरोबर असेल तर त्या एका ओएनटीचे फोन बिघडतील आणि बाकी इमारतीला काही जाणवणार नाही. संपूर्ण मजल्याचे कॅमेरे अडखळले तर मर्यादा लागलेली नाही.

शेवटी वीज. सर्व्हर रूमला यूपीएस असतो, मजल्यावरच्या ओएनटीला नसतो. मग महावितरणची वीज गेली की जनरेटर चालू होईपर्यंत फोन मुके. तपासणीत एका मजल्याची वीज खरोखर बंद करा आणि परत आल्यावर ओएनटी, फोन आणि कॅमेरे किती वेळात उठतात ते लिहून ठेवा.

पुढे

दर तीन महिन्यांनी दोन आकडे बघा : ओएनटीच्या रांगेतली वर्गवार गळती आणि हमीची बेरीज. पहिला आकडा कॅमेऱ्याच्या वर्गात वाढू लागला तर कोणीतरी न सांगता कॅमेरे वाढवलेत किंवा त्यांचा बिटरेट मोकळा सोडलाय. नवा कॅमेरा बसवायच्या आधी बेरजेच्या वहीत त्याची ओळ पडली पाहिजे, असा नियमच करून टाका.

बेरीज सत्तर टक्क्यांना टेकली आणि दुसरा पॉन पोर्ट मोकळा नसेल, तर एक्सजीएस-पॉनकडे (जीपॉनच्या पुढच्या, वेगवान पिढीकडे) वळा. दोन्ही दिशांना १० जीबीपीएस, आणि १५७७ व १२७० नॅनोमीटरवर चालत असल्यानं ते जुन्या जीपॉनसोबत त्याच फायबरमधून, त्याच स्प्लिटरमधून जाऊ शकतं. सगळी इमारत एकदम बदलण्याची गरज नाही. आधी रेडिऑलॉजीची दोन ओएनटी हलवा. जीपॉनवरची २०० ची हमी तेवढ्यानंच सुटते आणि बेरीज ४२५ वर येते. प्रोफाइल मात्र नव्या पोर्टवर जशाच्या तशा उतरवू नका, कारण कमाल ६०० ची मर्यादा तिथे सीटीला विनाकारण रोखून धरेल. दहा जीबीपीएसच्या पोर्टाचं ओएनटी घ्या आणि स्कॅनरच्या संगणकाचं नेटवर्क कार्ड किती वेगाचं आहे तेही खरेदीआधी उघडून बघा.